कॅडमधले ब्लॉक: दार-खिडकीपासून माडापर्यंत आपला संग्रह कसा बांधावा आणि कसा सांभाळावा

गुहागरजवळच्या एका घरात सात चौकटी भिंतीत बसेनात. जांभ्याच्या भिंतीत सोडलेली दारांची जागा ९०० मिलिमीटरची आणि सागवानी चौकटी आल्या ७५० च्या. सुताराने दारांच्या यादीचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "सायेब, कागदावर होतं तेवढंच कापलंय." त्याचं खरं होतं. चूक माझी होती, आणि ती एखादी रेष चुकल्यामुळे झालेली नव्हती.

झालं असं होतं, की मी माझा प्लॅन दुसऱ्या एका ड्राफ्ट्समनने तयार केलेल्या शीटमध्ये कॉपी-पेस्ट केला. माझ्या फाइलमध्ये 'डी१' नावाचा दाराचा ब्लॉक होता, ९०० चा. (ब्लॉक म्हणजे एकदा काढून, नाव देऊन ठेवलेलं आणि हवं तिथे पुन्हा टाकता येणारं चित्र.) त्या शीटमध्येही 'डी१' होता, पण तो ७५० चा. पेस्ट झाल्याबरोबर माझी सगळी दारं त्याच्या मापाची झाली. भिंतीच्या रेषा होत्या तशाच राहिल्या. १:१०० च्या प्रिंटवर दीड मिलिमीटरचा फरक कुणाच्या नजरेला येणार? दारांची यादी मी त्या शीटवरच माप घेऊन लिहिली आणि सुताराकडे पाठवली. त्या दिवसापासून मी ब्लॉक सांभाळण्याकडे बारकाईने पाहू लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. आज्ञा आणि मेनू ऑटोकॅड या संगणकावर नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरचे आहेत. लिब्रेकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ब्लॉक असतात, फक्त खाली येणारा डायनॅमिक प्रकार तिथे मिळत नाही.

मूळ आणि प्रत

ऑटोकॅडमध्ये ब्लॉक दोन रूपांत राहतो. एक त्याचं मूळ. ते फाइलच्या पोटात असतं आणि कागदावर दिसत नाही. दुसरी इन्सर्ट केलेली प्रत, जी आपल्याला दिसते. प्रतीत रेषा साठवलेल्या नसतात. 'अमुक नावाचं मूळ, या बिंदूवर, एवढ्या स्केलने, एवढ्या कोनात' इतकीच नोंद असते. त्यामुळे कौलारू छपराच्या एलिव्हेशनमध्ये हजार कौलं मांडली तरी कौलाच्या रेषा फाइलमध्ये एकदाच साठतात, आणि मूळ बदललं की हजारही कौलं एकदम बदलतात.

याच रचनेमुळे एका फाइलमध्ये एका नावाचं एकच मूळ राहू शकतं. पेस्ट करताना त्या नावाचं मूळ तिथे आधीच असेल, तर ऑटोकॅड तिथलंच धरतं आणि तुमचं सोडून देतं. माझ्या सात चौकटी इथे बुडाल्या. पुढची प्रत्येक पायरी ही एक गोष्ट डोक्यात ठेवून वाचा.

आधी एकक ठरवा

आपल्याकडे एकाच घराची तीन एककं चालतात. मंजुरीचं सबमिशन ड्रॉइंग मीटरमध्ये, आपलं वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आणि गवंडी-सुतार बोलणार फूट-इंचात. ब्लॉक मात्र एकाच एककात बनवा. मी मिलिमीटर धरतो, कारण चौकट, गज, पाइप सगळं त्यात पूर्णांकात बसतं.

'युनिट्स' ही आज्ञा द्या आणि 'इन्सर्शन स्केल' या खान्यात मिलिमीटर निवडा. याच गोष्टीसाठी 'इन्सयुनिट्स' नावाचं व्हेरिएबल आहे: त्यात ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर, १ म्हणजे इंच आणि ० म्हणजे युनिटलेस, एककच न नोंदलेलं. ब्लॉकचं आणि ड्रॉइंगचं एकक दोन्हीकडे नीट नोंदलेलं असेल, तर मिलिमीटरमधला ब्लॉक मीटरच्या साइट प्लॅनमध्ये टाकताना ऑटोकॅड आपण होऊन हजाराने भागतं. एका बाजूला युनिटलेस राहिलं की या हिशेबाचा भरवसा संपतो, आणि साडेसात मीटरचा माड साडेसात किलोमीटरचा होऊन बसतो. मोजणीच्या नकाशावरून उतरवलेल्या फाइलमध्ये हे नेहमी घडतं. अशी फाइल उघडल्यावर पहिलं काम इन्सयुनिट्स तपासण्याचं.

एक खिडकी बनवून पाहू

१२०० मिलिमीटरची, दोन झडपांची खिडकी प्लॅनमध्ये घेऊ. भिंत २३० ची.

१. सगळ्या रेषा शून्य लेयरवर काढा. (लेयर म्हणजे ड्रॉइंगचा पारदर्शक थर.) रंग आणि लाइनटाइप 'बायलेयर', म्हणजे लेयर ठरवेल तो, ठेवा. शून्य लेयरवरच्या वस्तू ब्लॉकमध्ये गेल्या, की ब्लॉक ज्या लेयरवर इन्सर्ट होईल त्या लेयरचे गुण त्या घेतात. म्हणून एकच खिडकी प्लॅनमध्ये एका रंगात आणि पाडायच्या जुन्या घराच्या लेयरवर दुसऱ्या रंगात दिसू शकते. ब्लॉकच्या आत दुसऱ्या लेयरवर काढलेली वस्तू मात्र आपला लेयर सोडत नाही.

२. छज्जाची रेष आत्ताच आखून ठेवा, भिंतीबाहेर ६०० वर. फक्त हिचा लाइनटाइप बायलेयर न ठेवता तुटक द्या. कोकणात पाऊस वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडून आडवा येतो. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा दाखवायचा राहिला, तर पहिल्याच आषाढात पाणी आतल्या गिलाव्यापर्यंत पोचतं. खिडकीच्या ब्लॉकमध्येच छज्जा असला की तो विसरता येत नाही.

३. 'बी' टाइप करून एंटर. नाव द्या. 'पिक पॉइंट' दाबून बेस पॉइंट म्हणून खिडकीचा डावा, भिंतीच्या बाहेरच्या तोंडाचा कोपरा धरा. हा बिंदू द्यायला विसरलात, तर ऑटोकॅड ०,०,० धरतं आणि इन्सर्ट करताना खिडकी कर्सरपासून कुठेतरी लांब जाऊन पडते. माझा नियम असा, की भिंतीत बसणाऱ्या सगळ्या वस्तूंना बाहेरच्या तोंडाचा डावा कोपरा आणि मोकळ्या वस्तूंना मध्यबिंदू. संग्रहभर हाच पाळला तर हात आपोआप योग्य जागी जातो.

४. वस्तू निवडा. 'ब्लॉक युनिट' मिलिमीटर आहे का पाहा. 'स्केल युनिफॉर्मली'वर खूण करा, म्हणजे कुणी खिडकी एकाच बाजूने ताणून भिंतीची जाडी बिघडवणार नाही. 'अलाउ एक्स्प्लोडिंग'ची खूण काढा. ब्लॉक फोडून 'जरा' दुरुस्ती करण्याचा मोह फार असतो. फोडलेली खिडकी नंतर मोजणीत येत नाही आणि मूळ सुधारलं तरी सुधारत नाही.

लेयरबद्दल एक बारकावा. प्रत ज्या लेयरवर आहे तो 'फ्रीझ' केला, तर आतल्या वस्तू कुठल्याही लेयरवर असोत, आख्खा ब्लॉक दिसेनासा होतो. तोच लेयर नुसता 'ऑफ' केला, तर दुसऱ्या लेयरवरच्या आतल्या वस्तू दिसत राहतात. फर्निचर लपवल्यावर अर्धी खुर्ची उरली, तर कारण हेच.

नाव

'डी१', 'डब्ल्यू१', 'टॉयलेट' ही नावं ब्लॉकला देऊ नका. दार-खिडकीच्या यादीत डी१ असणं योग्यच, पण तो खुणेचा मजकूर आहे, ब्लॉकचं नाव नव्हे. प्रत्येक कचेरीच्या डी१चं माप वेगळं असतं आणि फाइली तर इकडून तिकडे फिरत राहतात.

माझ्या नावात चार भाग असतात: कचेरीची दोन अक्षरं, वस्तू, प्रकार, माप. उदाहरणार्थ 'केके-दार-एकझडप-९००'. सुरुवातीची दोन अक्षरं ही खरी ढाल आहे, कारण त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या ब्लॉकशी नाव जुळण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. प्रत्यक्षात ही नावं इंग्रजी लिपीतच टाइप करा. देवनागरी नाव चालतं, पण समोरचा जुनं किंवा वेगळं सॉफ्टवेअर वापरत असेल तर अडचण येऊ शकते. जुन्या ब्लॉकची नावं बदलायला 'रिनेम' आज्ञा आहे. त्यासाठी ब्लॉक पुन्हा बनवावा लागत नाही.

एकाच खिडकीत चार मापं

६००, ९००, १२०० आणि १५०० अशा चार खिडक्यांचे चार ब्लॉक ठेवण्यापेक्षा एक डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे इन्सर्ट केल्यावरही माप बदलता येणारा, ठेवा. ही सोय ऑटोकॅड २००६ पासून आहे, तरीही कित्येक कचेऱ्यांत ती वापरलेली दिसत नाही. सुरुवात खिडकीपासून करा. दारात झडप फिरल्याची कमान असते, ती ताणून चालत नाही, तिचं स्केल बदलावं लागतं, म्हणून दार जरा अवघड जातं.

'बीएडिट' देऊन खिडकीचा ब्लॉक उघडा. बाजूच्या पॅलेटमधून 'लिनियर' पॅरामीटर घ्या आणि डाव्या चौकटीपासून उजव्या चौकटीपर्यंत लावा. मग 'ॲक्शन्स'मधून 'स्ट्रेच' निवडा, तो पॅरामीटर दाखवा, उजवा बिंदू पकडा, उजव्या टोकाभोवती चौकोन ओढा आणि ताणायच्या वस्तू निवडा. छज्जाची रेष निवडायला विसरू नका. झडपांची मधली रेष मध्यावरच राहायला हवी असेल, तर तिच्यासाठी वेगळी 'मूव्ह' ॲक्शन लावून गुणक ०.५ द्या. शेवटी पॅरामीटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अंतराचा प्रकार 'लिस्ट' करून चार मापं भरा. आता खिडकीचं टोक ओढलं की ती या चार मापांवरच थांबते. १,१८७ ची खिडकी चुकूनही निघत नाही. बाहेर पडण्याआधी 'टेस्ट ब्लॉक' दाबून चारही मापं ओढून पाहा.

दारासाठी सगळ्यात उपयोगी 'फ्लिप' पॅरामीटर. दार डावं की उजवं, आत उघडणारं की बाहेर, हे एका बाणावर क्लिक करून बदलता येतं आणि मिररच्या प्रती करत बसावं लागत नाही. 'व्हिजिबिलिटी'ही छान आहे: एकाच संडासाच्या ब्लॉकमध्ये भारतीय भांडं आणि कमोड दोन्ही ठेवा आणि घरमालकाने ठरवलं की निवडा. पण हाव धरू नका. एका ब्लॉकमध्ये दहा पॅरामीटर घातले, की सहा महिन्यांनी दुरुस्त करताना ज्याने बनवला त्यालाच तो समजत नाही. मी तीनपेक्षा जास्त घालत नाही.

ॲट्रिब्यूट: ब्लॉकने स्वतःची माहिती सांगणं

ॲट्रिब्यूट म्हणजे ब्लॉकला जोडलेली मजकुराची नोंद. माझ्या त्या दाराला ते असतं, तर चौकटी वाचल्या असत्या. ॲट्रिब्यूटची किंमत मुळात नसते, प्रत्येक प्रतीत असते. म्हणून पेस्ट करताना मूळ बदललं तरी प्रत आपलं '९००' सोडत नाही आणि चित्र व आकडा जुळत नसल्याचं निदान दिसतं.

ब्लॉक एडिटरमध्ये 'ॲटडेफ' द्या. टॅग म्हणजे यादीतल्या रकान्याचं नाव. ते एका शब्दात लिहा, टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. प्रॉम्प्ट म्हणजे इन्सर्ट करताना विचारला जाणारा प्रश्न. दाराला मी चार ठेवतो: खूण, रुंदी, उंची, लाकूड. यातली फक्त खूण छापली जाते, बाकीच्यांना 'इनव्हिजिबल' लावतो. प्रश्न कुठल्या क्रमाने यावेत ते 'बॅटमॅन' या आज्ञेत ठरवता येतं.

पुढे एखादं नवं ॲट्रिब्यूट घातलंत, तर आधी इन्सर्ट केलेल्या प्रतींत ते आपोआप येत नाही. 'ॲटसिंक' चालवावं लागतं. भरलेल्या किमती त्याने जात नाहीत, पण एखाद्या प्रतीतला मजकूर तुम्ही हाताने बाजूला सरकवला असेल तर तो मूळ जागी परततो. प्रिंटच्या घाईत हे करू नका.

मराठी मजकूर हवा असेल, तर टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा युनिकोड फॉन्ट द्या. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी दिसत नाही, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही.

यादी काढायला 'डेटाएक्स्ट्रॅक्शन' आहे. एकेक पायरी विचारत ते सगळी ॲट्रिब्यूट गोळा करतं आणि ड्रॉइंगमध्ये तक्ता बनवतं किंवा एक्सेलची फाइल देतं. नुसती संख्या हवी असेल, तर ऑटोकॅड २०२२ पासून 'काउंट' ही आज्ञा आहे. सुताराकडे जाणारी यादी मी आता कधीच हाताने लिहीत नाही.

संग्रह कुठे ठेवायचा

एक फोल्डर, आणि त्यात विषयवार थोड्या फाइली: दारे-खिडक्या, संडास-न्हाणी, छप्पर, बाहेरचं आवार. प्रत्येक ब्लॉकची स्वतंत्र फाइल हवी असेल तर 'डब्ल्यूब्लॉक'ने ती निघते, पण दोनशे सुट्या फाइलींपेक्षा चार भरलेल्या फाइली सांभाळायला सोप्या जातात. कंट्रोल आणि २ दाबून 'डिझाइनसेंटर' उघडलं, की कुठल्याही फाइलच्या पोटातले ब्लॉक चित्रासह दिसतात आणि ओढून घेता येतात. २०२० पासूनच्या आवृत्त्यांत 'ब्लॉक्स पॅलेट' आहे, ते रोजच्या वापराला अधिक सुटसुटीत आहे. रोज लागणारे दहा-पंधरा ब्लॉक कंट्रोल आणि ३ च्या टूल पॅलेटवर ठेवा. तिथे प्रत्येकाला लेयरही नेमून देता येतो, म्हणजे खिडकी चुकून फर्निचरच्या लेयरवर जात नाही.

फोल्डर स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि त्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर. पावसाळ्यात लाईट आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात. संग्रह फक्त ऑनलाइन असेल तर इन्व्हर्टरवर चालू असलेला लॅपटॉपही निरुपयोगी होतो.

संग्रहाच्या फाइलमध्ये बदल करण्याचा हक्क एकाच माणसाकडे असू द्या. इतरांसाठी ती 'रीड-ओन्ली' ठेवा. छोट्या कचेरीत हे अवघडल्यासारखं वाटतं, पण 'मी फक्त छज्जा जरा लहान केला' हे तीन आठवड्यांनी कळण्यापेक्षा बरं.

आणि इंटरनेटवरून उतरवलेले ब्लॉक थेट संग्रहात घेऊ नका. त्यांत परक्या मापांचे बिछाने आणि आपल्याकडे नसलेली झाडं असतात. एका सोफ्यात हजारो रेषा असू शकतात, शिवाय त्यांचे परके लेयर तुमच्या ड्रॉइंगमध्ये येऊन बसतात. आपल्या घराला पडवी लागते, ओटी, माजघर, तुळशीवृंदावन, पायऱ्यांपाशी पाय धुण्याची जागा लागते. ही मापं कुठल्याही तयार संग्रहात मिळणार नाहीत. टेप घेऊन चार चांगली जुनी घरं मोजा. झोपाळ्याची लांबी आणि त्याच्या झोक्याला लागणारी मोकळी जागा मी अशीच मोजून घेतली आहे.

मूळ सुधारलं, जुन्या ड्रॉइंगचं काय?

संग्रहातला ब्लॉक सुधारला म्हणून तो वापरलेली जुनी ड्रॉइंग सुधारत नाहीत. प्रत्येक ड्रॉइंगच्या पोटात मुळाची आपली स्वतंत्र नक्कल असते. एक्सरेफ, म्हणजे बाहेरून नुसती जोडलेली फाइल, आणि ब्लॉक यांच्यातला हा मोठा फरक.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर छपरांच्या दुरुस्तीची कामं आली, तेव्हा मी वळचणीचं सेक्शन डिटेल ब्लॉक म्हणून वापरत होतो: वासा, रिपा, कौल, पन्हळ. त्यात वासा भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आणि बोल्ट घालायचं ठरलं, तोवर पाच ड्रॉइंग तयार होती. पाचही अशी सुधारली: आधी संग्रहातल्या फाइलमध्ये बीएडिटने बदल केला. मग प्रत्येक ड्रॉइंग उघडून डिझाइनसेंटरमध्ये त्या ब्लॉकवर उजवं क्लिक आणि 'रिडिफाइन ओन्ली'. त्या ड्रॉइंगमधल्या सगळ्या प्रती जागच्या जागी बदलल्या. हे करण्याआधी जुन्या फाइलची नक्कल ठेवा. विशेषतः नवा बेस पॉइंट जुन्याहून वेगळा असेल तर सगळ्या प्रती तेवढ्या सरकतात. घर बांधून झालेलं असेल, तर त्याच्या ड्रॉइंगला हात लावू नका. ते जसं बांधलं तसंच राहायला हवं.

दुसऱ्याची फाइल आली की

थेट पेस्ट करू नका. ती वेगळी उघडा, इन्सर्टच्या यादीत ब्लॉकची नावं वाचा आणि आपल्याशी जुळणारं नाव दिसलं तर आधी तिथे रिनेम करा. मग 'ऑडिट' (फाइलमधले दोष तपासणारी आज्ञा) आणि 'पर्ज' (वापरात नसलेलं काढून टाकणारी). 'पेस्ट ॲज ब्लॉक' वापरलेलं असेल तर 'ए', डॉलरची खूण आणि 'सी' यांनी सुरू होणारी निरर्थक नावं सापडतात. त्यांतली वापरात असतील त्यांना नीट नाव द्या, उरलेली पर्जमध्ये जातील. वापरात असलेला ब्लॉक पर्ज होत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मात्र संग्रहाच्या फाइलवर पर्ज कधीच चालवू नका. तिथे इन्सर्ट न केलेले ब्लॉक असतात आणि ते सगळे एका क्लिकमध्ये जातील.

माड, पोफळ आणि विहीर

वाडीसह घराचा प्लॅन करताना झाडांचे ब्लॉक नुसते शोभेला वापरू नका. माडाचं वर्तुळ ७.५ मीटर व्यासाचं, पोफळीचं २.७ चं, हापूसच्या कलमाचं १० मीटरचं काढा. लागवडीची नेहमीची अंतरं हीच आहेत. वर्तुळाला वर्तुळ टेकवून मांडलं की अंतर आपोआप बरोबर येतं, आणि काउंटने रोपांची संख्या मिळते. २० गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर. एका माडाला ५६.२५ चौरस मीटर धरले तर साधारण ३६ माड बसतात. त्यातून घर, विहीर आणि वाट वजा जाता प्रत्यक्षात किती बसतात, ते प्लॅनवरच दिसतं. मालकाशी बोलताना हा आकडा फार कामाला येतो.

विहिरीच्या ब्लॉकमध्ये एक जास्तीचं वर्तुळ घाला. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किती लांब हवा, ते अंतर तुमच्या भागातल्या लागू नियमात पाहून तेवढ्या त्रिज्येचं. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झपाट्याने पुढे जातं, त्यामुळे हे अंतर कोकणात डोळ्यांसमोर असायलाच हवं. हे वर्तुळ 'डेफपॉइंट्स' लेयरवर काढा. तो लेयर छापला जात नाही. स्क्रीनवर मात्र शोषखड्डा वर्तुळाच्या आत सरकला की लगेच दिसतो, आणि शेजाऱ्याच्या विहिरीवरही हाच ब्लॉक टाकायचा असतो.